डावीकडचं अस्तर

लालबर्रा,
१२ जुलै २०२५

चि. सौ. दीपिका,

मामाचा तुले नमस्कार. मोठ्यानं लहान्याले आशीर्वाद लिहावा असं शाळेत शिकवलं होतं, पण आपल्याकडं भाचीले कोणी आशीर्वाद देत नाही, भाचीच्या पाया पडतात. म्हणून पाया पडतो.

इकडे आम्ही बरे आहोत. तू, जावईबापू, खुशी, सगळे बरे असाल. मागे राजेगावच्या एका लग्नात तुझे बाबा, दुलीचंद भाऊजी, भेटले. त्यांनी मोबाइलवर खुशीचा फोटो दाखवला. कपाळ हुबेहूब तुझ्या मायचं, कमलाचं आहे. चार वर्षांची झाली म्हणतात. दिवस कसे जातात पाह्य.

तुले फोन लावला होता. दोनदा वाजला, मग वाजणंच बंद झालं. तुझं चुकलं असं मी म्हणत नाही. अकरा वर्षं ज्यानं विचारपूस केली नाही, त्याचा फोन काहून उचलायचा? भाऊजींकडून भंडाऱ्याचा पत्ता घेतला अन् लिहायले बसलो. पोस्टातली बाई पाकीट पाहून म्हणते, "काकाजी, चिट्ठी? कोर्ट का मामला है क्या?" मी म्हणलं, नाही बाई, घरचाच आहे.

दुकान तिथंच आहे, बसस्टँडसमोर. धानाचे रोवणे चालू आहेत, बाया शेतात, बांध्यांमध्ये, त्यामुळे या महिन्यात कोणी ब्लाऊज शिवायले टाकत नाही. शांता, तुझी मामी, अजूनही हूक अन् तुरपाई तीच करते. चष्मा लागला आहे, पण टाका तुझ्या-माझ्यापेक्षा सरळ. तोंडही तसंच आहे.

समीक्षाची तब्येत जरा बरी नाही.

जरा म्हणजे, छातीत गाठ निघाली. नागपूरले दाखवलं. तुकडा काढून तपासला तर तेच निघालं. दर तिसऱ्या मंगळवारी केमो असतो. केस गेले. अठ्ठावीस वर्षांची पोर आहे, बाई. डोक्याले रुमाल बांधून शाळेच्या पोरांच्या वह्या तपासत बसते. मी काही बोलायले गेलो की म्हणते, "पापा, आप रहने दो ना." रहने देतो. दुसरं काय करू?

तर काम असं आहे. तिथल्या डॉक्टर मॅडम म्हणतात, इतक्या कमी वयात झालं तर ते घरातून आलेलं असू शकते, रक्तातून. त्यांनी समीक्षाचं रक्त पुढं तपासायले पाठवलं आहे. अन् एका कागदावर आमच्या सगळ्या घराचा नकाशा काढला. माणूस असेल तर चौकोन, बाई असेल तर गोल. ज्या बाईले तो रोग झाला तिचा गोल काळा करायचा. मले विचारलं, तुमची आई कशानं गेली? मी म्हणलं, तापानं. बहीण? मी म्हणलं, काविळीनं. मॅडमनं पेन खाली ठेवला. "काविळ कशानं झाली होती?" मी म्हणलं, माहीत नाही.

कमलाचे दवाखान्याचे कागद तुझ्याजवळ असतील. त्यांची झेरॉक्स पाठवून दे. मॅडमले पाहिजेत.

तू मात्र घाबरू नको. हे शांताच्या माहेरचं आहे असं इथं सगळे म्हणतात. तिची मावशी बिरसा गावात बच्चेदानीच्या कॅन्सरनं गेली होती. आपल्या घरात असं काही नव्हतं.

खुशीले माझा नमस्कार. तीही भाचीच, तिच्याही पाया पडतो.

तुझा मामा,
तेजराम

*

लालबर्रा,
२८ ऑगस्ट २०२५

चि. सौ. दीपिका,

मामा पाया पडतो.

तू पाठवलेल्या झेरॉक्स मिळाल्या. सोबत चिठ्ठी नव्हती. चालते. कागद मिळाले हेच खूप झालं. मी दुकानातच उघडून वाचले अन् त्या दिवशी दुकान लवकर बंद केलं. छातीतून सुरू होऊन लिव्हरपर्यंत गेलं असं साफ लिहिलं आहे. काविळ शेवटी झाली. आपण सगळ्यांनी शेवटचंच धरून ठेवलं अन् लोकांले तेच सांगितलं. पोरींची लग्नं व्हायची होती ना.

आता बातमी सांगतो, मन घट्ट कर.

समीक्षाच्या रक्तात दोष निघाला. बीआरसीए वन म्हणतात त्याले. मॅडमनं समजावलं, ते सगळ्यांच्याच अंगात असते अन् गाठ होऊ न देण्याचं काम करते. आमच्या घरात त्याच्यातली एक प्रत बिघडलेली आहे, अन् ती मायबापाकडून लेकराले जाते. मग म्हणाल्या, तुम्ही दोघंही रक्त द्या, कोणाकडून आलं ते पाहू. शांता आधी तयार नव्हती. म्हणे, "मले काहून टोचता? सगळ्या गावानं तर निकाल कवाच देऊन टाकला."

अन् खरंच दिला होता. माझ्या चुलतभावाची सून आजारी पोरीले पाहायले आली अन् शांताच्या तोंडावर बोलून गेली, माहेरचा गुण आहे म्हणून. मीही बोललो, दीपिका. एका मंगळवारी नागपूरहून परत येताना, गाडीत, समीक्षा झोपली होती तेव्हा म्हणलं, "तुझ्या मावशीचं आलं पोरीच्या वाट्याले." शांता गोंदिया येईपर्यंत खिडकीतून बाहेर पाहत राह्यली.

परवा रिपोर्ट आला. शांताचं रक्त साफ आहे. दोष माझ्यात आहे.

मी मॅडमले दोनदा विचारलं. म्हणलं, मी तर माणूस आहे, मले गाठ नाही, काही नाही. त्या म्हणाल्या, बापाच्या अंगात ते मुकाट बसून राहते अन् पोरीकडं जाते. बाईचा रोग आहे म्हणून बाईकडूनच येते असं नाही. माझ्या मायकडून मले आलं असेल, कमलाले आलं असेल. नकाशात माझा चौकोन होता, त्याच्या मधात त्यांनी एक टिपका दिला. कमलाचा गोल पूर्ण काळा केला. मायचा गोल अर्धवट ठेवला, कारण तिचा कागद नाही. मलेही आता तपासण्या करून घ्यायच्या आहेत, ते वेगळं.

घरी येऊन शांताले रिपोर्ट वाचून दाखवला. ती एका गिऱ्हाइकाच्या ब्लाऊजले हूक लावून राह्यली होती. ऐकून घेतलं. धागा तोडला. म्हणाली, "माह्या मावशीले मरून तीस वर्षं झाली. आता तरी तिले खटल्यातून मोकळं करा." अन् मग दुसरा धागा ओवता ओवता, "आपलं ठेवायचं झाकून अन् दुसऱ्याचं पाहायचं वाकून. तुमच्या घराले हे बरं जमते."

मी हौ म्हणलं.

आता तुझ्या कामाचं. कमलाले हे होतं असं धरून चाललं, तर तुले येण्याची शक्यता अर्धी आहे. मॅडम म्हणाल्या, नाणं उडवल्यासारखं, छापा किंवा काटा. तुझा गोल नकाशात आहे. तो कोरा आहे अन् त्याच्यापुढं त्यांनी प्रश्नचिन्ह काढलं आहे. खालचा खुशीचा छोटा गोल तसाच आहे, तिले अठरा वर्षांची होईपर्यंत हात लावायचा नाही म्हणतात. तुझी तपासणी सोपी आहे, कारण बिघाड कुठं आहे ते आता सापडलं आहे, तेवढीच जागा पाहायची. एक नळी रक्त. साफ निघालं तर हे तुझ्यापाशीच थांबलं, खुशीलेही काळजी नाही. निघालंच, तर दरवर्षी मशीनमध्ये पाहत राहायचं, पुढंमागं ऑपरेशनचं विचारता येते. गाठ व्हायच्या आधी कळते, हे महत्त्वाचं. समीक्षाले कळलं नाही. कमलाले कळलं नाही.

तू बत्तीस वर्षांची आहेस. समीक्षापेक्षा चारानं मोठी. उशीर करू नको, बाई. जावईबापूंले सांग. सासरचे काय म्हणतील याचा विचार करू नको, तो विचार आपल्या घरात खूप झाला.

कमलाच्या वेळी मले काही माहीत असतं तर मी गप्प बसलो नसतो. हे तुले तेव्हाही सांगितलं होतं.

उत्तर दे. नुसतं हौ का नाही लिहिलं तरी चालते.

तुझा मामा,
तेजराम

*

लालबर्रा,
१२ सप्टेंबर २०२५

दीपिका,

तुझं पार्सल सोमवारी आलं.

पितृपक्ष सुरू आहे, कोणी नवा कपडा टाकत नाही, दुकान सुनंसुनं आहे. मी एकटाच होतो. मले वाटलं खुशीचा फ्रॉक असेल, नवा शिवायले नापाले पाठवला असेल. इतका मी आशेवर होतो. उघडलं तर मेंदी रंगाचा ब्लाऊज, मरून रंगाची पायपिंग. माझ्या हातचा. कमलाचा शेवटचा. आतून डावीकडचं अस्तर तू ब्लेडनं उसवून, दोन्ही पदर वेगळे करून, सपाट घडी घातली होतीस. उजवीकडं एकच पदर. चिठ्ठी नव्हती.

मी तो बराच वेळ मशीनवर ठेवून पाहत बसलो. मागून शांता कधी आली कळलं नाही. तिनं उचलला, उलटा केला, अन् म्हणाली, "हा कमलाताईचा. पण हूक माह्या हातचे नाहीत. इतके वाकडे मी कवाच लावले नाही." मग तिले डावीकडचं दिसलं. पस्तीस वर्षं टेलरच्या घरात काढली तिनं. तिले समजावून सांगायची गरज पडली नाही. ती तिथंच बाकावर बसली. "तुम्हाले माहीत होतं," म्हणाली. विचारलं नाही, म्हणाली.

तिले सांगितलं. आता तुले सांगतो. तू अकरा वर्षांपासून जाणतेस असं दिसते, तरी माझ्या तोंडून यायले पाहिजे.

भाऊ बहिणीचं नाप अंगावर घेत नाही. बहीण जुना ब्लाऊज पाठवते, त्याच्यावरून शिवायचं. दर भाऊबिजेले मी कमलाले कपडा देत होतो, अन् नापाचा ब्लाऊज राजेगावहून कोणाच्या तरी हातून यायचा. तिच्या शेवटच्या वर्षी फाल्गुनात मधातच आला. सोबत चिठ्ठी, "दादा, डावीकडून अर्धा इंच ढिलं कर." शिलाईत आत जादा कपडा सोडलेला असतो, तो उसवून ढिलं केलं. पाठवून दिला. वाटलं, अंग भरलं असेल. पण अंग भरलं तर दोन्हीकडून भरते, दीपिका. मी त्याच वर्षी टेलर झालो नव्हतो.

जेठात पुन्हा आला. पुन्हा डावीकडून. केलं. लग्नसराई होती, माझ्याकडं ढीग होता, मी स्वतःले सांगितलं की विचार करायले वेळ नाही. खरं म्हणजे वेळ होता. विचार करायचा नव्हता.

तिसऱ्यांदा पोळ्याच्या आधी आला. धुतलेला होता, इस्त्री केली होती, पण डावीकडं आतून एक पिवळट डाग होता. धुऊनही न गेलेला.

तो डाग मी आधी पाह्यला होता. मी चौदा वर्षांचा होतो. माझी माय, तुझी आजी रुख्माबाई, आपली पोलकी मागच्या दोरीवर लुगड्याच्या खाली वाळत घालायची, कोणाले दिसू नये म्हणून. एकदा वारा सुटला अन् लुगडं उडालं. मी पाह्यलं. तिनं मले पाहताना पाह्यलं. दोघांपैकी कोणी काही बोललं नाही. माय त्या दिवाळीले नव्हती. घरात सांगितलं, ताप आला होता. मीही ते शिकून घेतलं, अन् डॉक्टर मॅडमलेही तेच सांगितलं.

तर कमलाचा डाग पाहून मले सगळं समजलं. ज्या क्षणी पाह्यला त्या क्षणी समजलं. अन् मी काय केलं? नागपूरच्या दवाखान्यात फोन केला नाही. राजेगावले गेलो नाही. गाडीनं दीड तासाचा रस्ता आहे. भाऊजींले म्हणलं नाही की हिले दवाखान्यात न्या. मी नवा ब्लाऊज बेतला. तिनं मागितलं नव्हतं तरी डावीकडं डबल अस्तर घातलं, डाग वर फुटू नये, चार बायांमध्ये तिले लाज वाटू नये म्हणून. अन् हूक मी स्वतः लावले, शांताले दिसू नये म्हणून. इतकी अक्कल लढवली मी. लढवायची तिथं लढवली नाही.

ती चिठ्ठी माझ्या नापाच्या वहीत अजून आहे. या पाकिटात टाकली आहे, तुझ्या मायचं अक्षर आहे, तुझ्याजवळ राह्यलं पाहिजे. तिच्यात दुसरी ओळ आहे ती तू वाचशील, "कोणाले बोलू नको." मी अकरा वर्षं त्या ओळीच्या आडोशाले बसलो. म्हणायचो, बहिणीनं शपथ घातल्यासारखंच आहे, मी तिचं मन राखलं. ते खोटं आहे. तिनं म्हणलं म्हणून मी गप्प बसलो नाही. मले गप्प बसणं सोपं पडलं. बहिणीच्या छातीचं नाव भावानं कसं घ्यायचं, याची लाज मले तिच्या जिवापेक्षा मोठी वाटली. अन् तिलेही ते मले सांगता येत नव्हतं म्हणून तर ती ब्लाऊज पाठवत होती. तीनदा पाठवला तिनं. आता वाटते, ढिलं करायलेच पाठवत होती का? राजेगावात दुसरे टेलर होते ना. हा विचार आला की मले मशीनवर बसवत नाही.

तेरवीच्या दिवशी तू मले विचारलं होतंस. अंगणात, पंगत उठल्यावर. "मामा, मायचे ब्लाऊज तुम्हीच शिवत होते ना? तुम्हाले काहीच दिसलं नाही?" मी म्हणलं, "मले काय माहीत बाई, नापाचाच ब्लाऊज येत होता." अन् रीतीप्रमाणे तुझ्या पाया पडायले वाकलो. तू पाय मागं घेतले. सगळ्यांनी पाह्यलं. लोक म्हणाले, पोरगी दुःखात आहे. मले माहीत होतं काहून घेतले. एकवीस वर्षांची होतीस तू.

मागच्या पत्रातही मी तेच खोटं लिहिलं. या वयात, पोरगी बिछान्यावर असताना, तेच. सवय इतकी जुनी आहे. तू पार्सल पाठवलं हे बरं केलंस. नाही तर मी असाच मेलो असतो, चांगला भाऊ, चांगला मामा म्हणवत.

मी थकलो आहे, दीपिका. रागाव, पण थकल्यामुळे माफी मागतो असं समजू नको. माफीसाठी हे लिहीतही नाही. बुधवारी सकाळी शांता चहा ठेवत म्हणाली, "कमलाताईचं गेलं ते गेलं. तिच्या पोरीचं अजून हातात आहे. तिथं तरी तोंड उघडा." म्हणून उघडतो.

मंगळवारी, २३ तारखेले, समीक्षाचा केमो आहे. भंडाऱ्याहून नागपूर तुले दीड तास. दवाखान्याचा पत्ता अन् मॅडमचा नंबर मागच्या पानावर आहे, मी त्यांले तुझ्याबद्दल सांगितलं आहे, सगळं, पह्यल्यांदा खरं. मॅडम आधी तुझ्याशी बसून बोलतील, मग रक्त घेतील. तुझ्या मनाविरुद्ध काही करणार नाहीत. समीक्षा म्हणते, "दीदी आएगी तो मैं बैठूँगी उसके साथ." तिच्या रुमालाले पाहून घाबरू नको, ती आपल्यापेक्षा शहाणी आहे. शांता डबा आणेल.

मी आत येणार नाही. गेटाजवळ रिक्षा थांबतात तिथं एक बाक आहे, दर वेळी तिथंच बसतो. तुले मले पाहायचं नसेल तर मागच्या दरवाज्यानंही जाता येते, औषधाच्या दुकानाच्या बाजूनं. मी पाहून ठेवलं आहे.

समोरून आलीस तर मी रीतीप्रमाणे वाकेन. पाय मागं घ्यायचे तर घे, तुझा हक्क आहे. हात तेवढा सुईपुढं कर.

ज्याले दिसलं होतं, तो तुझा मामा,
तेजराम